वळणावर थांबलेला परण्या

उन्हाळा चढला की आमच्या दाराच्या कडीत लग्नपत्रिका अडकवलेल्या दिसू लागतात. देणारा घाईत असतो. तो मोटारसायकल बंदही करत नाही. पत्रिका कडीत खोचतो, "यायचं बरं का मास्तर," असं बंद दाराला सांगतो आणि पुढच्या दाराकडे वळतो. संध्याकाळी शोभा, म्हणजे माझी बायको, त्या सगळ्या पत्रिका काढून मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवते आणि एकाच दिवसाच्या किती आल्या ते पाहून कपाळाला हात लावते. यंदा मात्र आम्हीही लोकांच्या कड्यांत पत्रिका खोचत हिंडतोय. निलेशचं, आमच्या मुलाचं, लग्न नऊ दिवसांवर आलंय. नवरी हट्टा गावची आहे.

आमच्या गावात, जवळा बाजारला, लगीनसराई आधी कानाला कळते. कापूस केव्हाच गेलेला असतो, तूर निघालेली असते, शेतं नांगरून उन्हात तापत पडलेली असतात. बाजाराच्या आवारात रिकामी पोती आणि त्यांच्या सावलीला झोपलेली कुत्री. अशा दुपारी कुठूनतरी ताशाचा तडतडाट येतो आणि जेवणारा माणूस घास हातातच धरून विचारतो, "कोणाचा परण्या हाय?" मारुतीच्या दर्शनाला गेलेला नवरदेव वाजतगाजत मांडवाकडे निघतो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. मारुती ते मांडव हे अंतर कुठल्याही गावात पाच मिनिटांचं असतं आणि ते कापायला कुठल्याही गावात दीड तास लागतो. मुहूर्त टळतो, गुरुजी माइकवरून तिसऱ्यांदा "नवरदेवाकडच्या मंडळींनी कृपया" म्हणतात, वरणावर साय धरते, आणि रस्त्यावरची माणसं नाचत असतात.

हा दीड तास मला फार आवडतो. पुढे टँकर डांबरावर पाणी मारत चाललेला असतो, कारण अनवाणी नाचणाऱ्यांचे पाय भाजतात. तापल्या डांबरावर पाणी पडलं की जो वास उठतो त्यात झेंडूचा, घामाचा आणि कोणीतरी सढळ हाताने मारलेल्या अत्तराचा वास मिसळतो, आणि तो नाकात गेला की मला माझं सगळं आयुष्य थोडं थोडं आठवतं. एरवी सुनेशी दोन शब्द न बोलणारी सासू सुनेच्या खांद्यावर हात टाकून गोल फिरते. नातू आजोबाला ओढतो, आजोबा "सोड रे, सोड रे" म्हणत स्वतःच पुढे सरकतात. एकदा मी एका दूधवाल्याला पाहिलं. त्याचं त्या लग्नाशी काही नातं नव्हतं. त्याने सायकल कडेला लावली, कॅन हलत नाहीत ना ते पाहिलं, गर्दीत शिरून मोजून आठ पावलं नाचला आणि परत सायकलवर बसून निघून गेला. कोणी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

मी मात्र नाचत नाही. प्रत्येक परण्यात असा एक माणूस लागतो, ज्याच्याकडे नाचणारे आपल्या चपला, मोबाइल, चष्मे आणि रडणारी लेकरं देऊन जातात. आमच्या भावकीत तो माणूस गेली तीस वर्षं मी आहे. माझ्या दोन्ही खिशांत मिळून एका वेळी अकरा मोबाइल मावतात, हे मी अनुभवाने सांगू शकतो. लोक म्हणतात, मास्तर गंभीर स्वभावाचे आहेत. तसं काही नाही. त्यामागे एक उन्हाळा आहे. तो सांगायचा तर आधी बापूंबद्दल सांगावं लागेल.

बापू म्हणजे माझे वडील. आता चौऱ्याऐंशीचे आहेत. सारं आयुष्य त्यांनी जवळ्याच्या बाजारात मापाडी म्हणून काढलं. शेतकऱ्याचं धान्य मापायचं आणि मोठ्याने मोजायचं, हे त्यांचं काम. मापाडी मोजायला लागला की "एक" म्हणत नाही. पहिल्या मापाला "लाभ" म्हणतो आणि मग दोन, तीन, चार. बापूंचा आवाज एवढा खणखणीत होता की हंगामात आमच्या शाळेपर्यंत ऐकू यायचा. लाभ, दोन, तीन, चार. मी उजळणी त्याच चालीवर शिकलो आणि पहिलीत गुरुजींनी एकपासून म्हणायला सांगितलं तेव्हा उभा राहून "लाभ" म्हणालो होतो. पहिली छडी त्याचीच खाल्ली.

हेच बापू परण्यात नाचायचे. त्यांचं नाचणं थोडकं होतं. उजव्या हाताच्या दोन बोटांत रुमाल, गुडघे किंचित वाकलेले, डावा पाय दोनदा जमिनीला टेकवून उचलायचा आणि मग सबंध अंग एका टाचेवर फिरवायचं. एवढंच, पुन्हा पुन्हा. चेहरा मात्र वजनकाट्याकडे बघताना असायचा तसा गंभीर, आणि ओठ हलत असायचे, कारण ते नाचतानाही मोजायचे. पण त्यांनी फेर धरला की गर्दी आपोआप मागे सरायची. पोरंटोरं त्यांच्या मागे रांग लावून तसाच पाय टेकवायची. म्हातारे कडेने माना डोलवायचे. करीमचाचांना तर बापूंखेरीज वाजवायला मजाच येत नसे. करीमचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण लगीनसराईचे दोन महिने ते दुकानाला कुलूप लावून क्लॅरनेट वाजवायचे. आमच्या गल्लीतलं कुठलंही लग्न त्यांच्या बँडशिवाय झालं नाही.

मी नववीत असताना बापू माझ्या वर्गमित्राच्या भावाच्या लग्नात नाचले. बाजारचा दिवस होता, अर्ध्या तालुक्याने पाहिलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एका पोराने शाईचे डाग पडलेला रुमाल दोन बोटांत धरला आणि फळ्यासमोर "लाभ, दोन, तीन" म्हणत बापूंची हुबेहूब नक्कल केली. वर्ग हसून लोळला. दारात आलेले सर तोंड फिरवून हसले. मी काय केलं? मीही हसलो. सगळ्यांपेक्षा जरा जास्तच हसलो, म्हणजे मला काही वाटलं नाही असं दिसावं. ते हसणं अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

पुढे हिंगोलीला शिकलो, मास्तर झालो, सेनगावला नोकरी लागली. तिथल्याच एका मुख्याध्यापकांच्या मुलीचं स्थळ आलं. ती शोभा. मुलगी बघायला गेलो तर त्यांच्या बैठकीत काचेच्या कपाटात ओळीने पुस्तकं, आणि चहा बशीसकट. सासरे बोलायला लागले की वाक्य पूर्ण करूनच थांबायचे. मला सगळं इतकं आवडलं की मी भ्यायलो. घरी परतताना मोटारीत माझ्या डोळ्यांपुढे शोभा नव्हती. दोन बोटांत धरलेला तो रुमाल होता.

लग्नाच्या दोन दिवस आधीची संध्याकाळ. बापू बाजारातून येऊन अंगणातल्या दगडावर पाय धूत होते. मी टॉवेल घेऊन उभा राहिलो.

"बापू, एक सांगू का?"

"सांग की."

"तिकडची माणसं शिकलेली हायेत. परण्यात तुमी नाचू नका."

त्यांनी दुसऱ्या पायावर पाणी ओतलं, टाच चोळली, बोटांच्या बेचक्यात पाणी घातलं. "बरं," म्हणाले. मग हात पुढे केला. "टावेल दे."

एवढंच बोलणं झालं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मात्र या शहाणपणात मी एक गोष्ट साफ विसरलो होतो. आमच्या गावचा रिवाज आहे. ज्या वळणावरून मांडव दिसतो त्या शेवटच्या वळणावर परण्या थांबतो आणि तिथे नवरदेवाचा बाप नाचतो. तो नाचला की मगच बँड वळतो. पोरगी घ्यायला बाप खुशीने आला आहे, हे मांडवाला दिसावं म्हणून तो नाचतो. बाप कितीही मोठा असो, आजारी असो, चार पावलं तरी टाकतोच. हा रिवाज गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. मी त्याच गल्लीत वाढलो होतो, पण परण्यात कायम मागे तोंड लपवून चालायचो. वळणावर काय होतं ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

सेनगावचं ते ऊन मला अजून पाठीवर जाणवतं. मी घोड्यावर. डोक्याला बाशिंग, त्यातून समोरचं निम्मंच दिसत होतं. घोडं बापूंनीच पारखून आणलेलं. ते इतकं गरीब होतं की त्याच्या कानाशी ताशा वाजला तरी कान हलवायचं नाही. पंधरा लगीनसराया पाहिलेलं जनावर ते, बँड सुरू झाला की डोळे मिटून घ्यायचं. पोरं नाचत होती, माझे मित्र शर्ट भिजेपर्यंत नाचत होते, आईसुद्धा नणंदांच्या घोळक्यात एक गिरकी घेऊन गेली. बापू लगामाजवळ चालत होते. नवं धोतर, नवी टोपी. हातात रुमाल होता, पण चार घड्या घातलेला.

पिठाच्या गिरणीजवळ वळण आलं. तिथून मांडवाचं लाल-पिवळं कापड दिसत होतं. करीमचाचांनी चाल बदलली आणि बँड थांबून वाजवू लागला. गर्दीने सवयीने गोल केला आणि सगळी तोंडं बापूंकडे वळली. मला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलोय.

बापू हलले नाहीत.

करीमचाचांनी तीच चाल पुन्हा घेतली. मग पुन्हा. घामाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण क्लॅरनेट खाली येईना. "बापू, चला की," कोणी म्हणालं. बापू म्हणाले, "गुडघा दुखून राहिला." आदल्या दिवशी याच गुडघ्यांनी ते बाजारात पोती उचलत होते आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं, मग बापूंकडे, मग तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटतं तिला सगळं समजलं होतं. बारा पस्तीसचा मुहूर्त आमच्या डोळ्यांदेखत गेला.

मांडवातून आधी शोभाचा चुलतभाऊ आला. मग घड्याळ बघत स्वतः सासरे आले. "आपण जरा त्वरा केलीत तर बरं होईल," ते म्हणाले. वाक्य पूर्ण केलं आणि गप्प उभे राहिले. शेवटी काठी टेकत नाना आले. नाना म्हणजे शोभाचे आजोबा, सासऱ्यांचे वडील. पंचाहत्तरीचे, शेतातले, घरात पुस्तकांचं कपाट आलं तरी स्वतः ओट्यावरच बसणारे.

"काय खोळंबा हाय?" नानांनी विचारलं.

करीमचाचांनी तोंडातून क्लॅरनेट काढलं. "नवरदेवाचा बाप नाचला न्हाई, नाना. त्याबिगर आमचा बँड वळत न्हाई. आमच्या गावची रीत हाय. बाप खुश हाय का न्हाई, ते मांडवाला दिसलं पायजे."

नाना बापूंसमोर जाऊन उभे राहिले.  "पाव्हणं," ते म्हणाले, "आमची पोरगी पसंत न्हाई का तुमाला?"

 मांडवाकडून बायका वळणापर्यंत आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. लग्न मोडायला आमच्याकडे याहून कमी कारण पुरतं. बापूंनी फक्त एक वाक्य बोलायची खोटी होती, की माझ्या पोराने मला नाचू नको म्हणून सांगितलंय. ते बोलले असते तर मी घोड्यावरून उतरून थेट जवळ्याची वाट धरली असती.

"तसं न्हाई नाना," बापू म्हणाले. "पोरगी लाखात एक हाय. गुडघ्याची तकलीफ हाय, बस."

नानांनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. मग आपली काठी सासऱ्यांच्या हातात दिली. "मला तर दोन्ही न्हाईत," म्हणाले आणि हात वर करून नाचायला लागले. करीमचाचांनी घाईघाईने क्लॅरनेट तोंडाला लावलं. नानांचं नाचणं म्हणजे जागच्या जागी डुलणं होतं, पण ते मनापासून होतं. दोन फेऱ्या झाल्यावर त्यांनी बापूंपुढे हात केला.

आणि बापूंनी मान वर करून घोड्याकडे, माझ्याकडे, पाहिलं.

मी मान हलवली. "हो" म्हणून.

मग बापू नाचले. रुमालाच्या चार घड्या त्यांनी एका झटक्यात मोकळ्या केल्या. लाभ, दोन, तीन, चार. नाना त्यांच्या समोर, पोरं मागे, मांडवातल्या बायका येऊन मिळाल्या, आणि बापूंचा डावा पाय टेकला की सेनगावच्या त्या रस्त्यावर पन्नास डावे पाय टेकायला लागले. सासरे एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात घड्याळ धरून उभे होते. थोड्या वेळाने त्यांचे खांदे हलायला लागले. मग तेही आत शिरले. शाळेत कवायत घेतात तसे ते नाचले, दोन पावलं पुढे, दोन मागे, पण शेवटपर्यंत नाचले. लग्न पावणेदोनला लागलं. शोभा सांगते, तिच्या माहेरी अजून त्या दिवसाची गोष्ट निघते आणि प्रत्येक वेळी नाना अर्धा तास जास्त नाचलेले असतात.

सगळं गोड झालं. पण मला त्या दिवसातलं एकच आठवत राहिलं. माझ्या बापाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मी घोड्यावर बसून त्याला परवानगी दिली. ज्याने मला मोजायला शिकवलं त्याला रस्त्यावर चार पावलं टाकायला माझी मान हलावी लागली. बापू त्यावर कधी बोलले नाहीत. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या लग्नात मजेत नाचले. मी त्यांच्या चपला धरून उभा होतो. आपण नाचायचा हक्क गमावलाय असं मला वाटायचं, आणि तसं कोणाला सांगता येत नाही, म्हणून मी मोबाइल सांभाळणारा गंभीर मास्तर झालो.

आता हे वर्ष. आमच्या घरात दोन आठवड्यांपासून नाच चालू आहे. प्राजक्ता, आमची मुलगी, हिंगोलीला नर्सिंगला आहे. तिने सुट्टी घेऊन येऊन सगळी भावंडं गोळा केलीत. कुटुंबाच्या ग्रुपवर तिने कोणी कुठे उभं राहायचं त्याचा व्हिडिओ टाकला आहे. त्यात माझ्यासाठी स्वतंत्र सूचना होती, "पप्पा मागच्या रांगेत, फक्त टाळ्या." मी ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झालो.

पहिल्या दिवशी पोरं अंगणात नाचायला उभी राहिली आणि प्राजक्ता ओरडली, "फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट." खाटेवरून बापू म्हणाले, "थांब. पाचपासून काहून सुरू केलं? आधीची चार मापं कुठं गेली?"

"बापू, डान्समध्ये तसंच मोजतात."

"कोण मोजतं? ह्या मोजणीत आमी चार मापांचा माल सोडून दिला असता तर शेतकऱ्यानं आमाला पोत्यात घालून मारलं असतं."

पोरं हसून खाली बसली. मग त्यांनी बापूंनाच मोजायला सांगितलं. आता तो पुण्यामुंबईचा नाच आमच्या अंगणात "लाभ" वर सुरू होतो. दोनच दिवसांत प्राजक्ताने बापूंचा पाय टेकवण्याचा प्रकार उचलला आणि नाचाच्या मधोमध घातला. बापूंच्या गुडघ्यांनी आता खरंच राम म्हटलाय. ते खाटेवर बसून हातांनी शिकवतात. डावा पंजा मांडीवर दोनदा टेकवतात, उचलतात आणि सगळा हात मनगटावर फिरवतात. बारा पोरं समोर उभी राहून त्या हाताकडे बघून पाय टाकतात. मी दारात उभा राहून ते बघायचो आणि आत निघून जायचो.

परवा करीमचाचांचा नातू समीर आला. आता परण्यात वाजते ती गाडी त्याची, आवाजाची मोठी यंत्रं त्याची, पण गाडीत एक क्लॅरनेटवाला तो आजही ठेवतो. आजोबांसाठी. करीमचाचांचे दात गेले, आता ते वाजवत नाहीत, पण परण्यात गाडीत पुढच्या सीटवर बसतात. समीर चहा घेता घेता म्हणाला, "दादाजीनं निरोप दिलाय मास्तर. हट्ट्याला शाळेजवळ वळण हाय. तिथं गाडी उभी राहणार. तुमी नाचले तर बराबर, न्हाई तर जेवणाची पंगत वळणावरच बसवा, असं म्हणून राहिले."

शोभा हसता हसता आत पळाली. मी समीरला म्हणालो, "अरे, आता कुठं राहिले ते रिवाज." समीर म्हणाला, "दादाजी हाय तवर हाय," आणि उठला.

त्या रात्री मला नीट झोप आली नाही. चार पावलांचा प्रश्न होता, पण तीस वर्षांत मी एकही टाकलं नव्हतं. वळणावर उभा राहिलो, सगळी तोंडं माझ्याकडे वळली आणि पाय उचललाच नाही तर? हट्ट्याच्या मंडळींना काय दिसेल? त्या पोरीला काय दिसेल? आणि बापूंना?

आज सकाळी पोरं उठायच्या आत मी अंगणात गेलो. कडुनिंबाचा मोहर रात्रभर गळून खाटेवर, बापूंच्या धोतरावर पडला होता. बापू जागे होते.

"बापू, मला शिकवा," मी म्हणालो.

 त्यांनी उशीखालून रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला. दोन बोटांत कसा धरायचा ते दाखवलं. मी गुडघे वाकवले. ते म्हणाले, "एवढे न्हाई, बसतोस का काय?" मी सरळ झालो. त्यांनी पंजा मांडीवर टेकवला, मी पाय टेकवला. चुकलो. परत टेकवला. स्वयंपाकघराच्या खिडकीत शोभाचं डोकं येऊन गेलं, मग प्राजक्ताचं आलं आणि तिथेच राहिलं. तिच्या हातात मोबाइल होता. मला शरम वाटली नाही, याचं मला नवल वाटलं.

पाचसहा वेळा चुकल्यावर मी दम खायला थांबलो. आणि का कोण जाणे, जे तीस वर्षं बोललो नाही ते तोंडातून निघून गेलं.

"बापू, माझ्या लग्नात वळणावर तुमी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, मग तुमी नाचले. मी चुकलो, बापू. मी तुमाला तसं सांगायला नको होतं."

 धोतरावरचा मोहर बापूंनी हाताने झटकला.

"तुझ्याकडं कवा पाहिलं मी?" ते म्हणाले. "मी घोड्याकडं पाहिलं. म्हटलं, आपुन नाचलो, गर्दी वाढली अन् ते बुजलं, तर लेकराला पाडील."

 ते घोडं बापूंनीच पारखून आणलं होतं. पंधरा लगीनसराया पाहिलेलं, कानाशी ताशा वाजला तरी डोळे मिटून उभं राहणारं. ते बुजणार नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बापूंना दिसलं असणार, पण त्यांनी दिसू दिलं नाही. त्यांनी डावा पंजा उचलला आणि मांडीच्या वर धरून ठेवला.

"रडून काय राहिला? वळणावर तुझ्या पोराचं घोडं उभं हाय," ते म्हणाले. "पाय उचल. लाभ..."

मी पाय उचलला.